तापात, साखरेत, उपासात रक्त तपासताना: काय, कधी आणि कोणत्या क्रमानं

आषाढीच्या दिवशी सकाळी साडेआठला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक मावशी लॅबमध्ये आल्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर लिहिली होती.

"मावशी, काही खाल्लंय का?"

"नाही ओ, उपासच हाय की आज."

दंडाला पट्टा बांधला, आणि सवयीनं पुन्हा विचारलं, "चहा?"

"चहा घेतला. अन् थोडी साबुदाण्याची खिचडी."

मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मनात उपास होता, आणि मला हवं होतं रिकामं पोट. मी विचारलं नसतं तर त्या खिचडीची साखर "उपाशीपोटी" या शीर्षकाखाली छापली गेली असती, आणि त्या आकड्यावर गोळी वाढली असती.

सोलापुरात सोळा वर्षं मी लोकांचं रक्त काढतो आहे. मशीन आम्ही रोज सकाळी कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) लावून तपासतो. चूक झाली तर ती बहुतेक वेळा सुई टोचण्याच्या आधीच झालेली असते: काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, अंगात ताप होता का, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख पायऱ्यांच्या क्रमानं लिहिला आहे. क्रम बदलू नका.

## टप्पा १: ही तपासणी आज करायचीच का, हे आधी ठरवा

लोक सर्वात जास्त इथंच चुकतात. ताप आलाय, अंग मोडून आलंय, आणि "रक्त काढतोच आहोत तर सगळंच करून घेऊ" म्हणून फुल बॉडी पॅकेज घेतात. पैसे जातात, वर पुढचे तीन महिने डोक्याला घोर लागतो.

तपासण्यांचे दोन गट मनात पक्के करा.

आजारासाठीच्या तपासण्या: सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारं प्रथिन), मलेरिया, डेंग्यू, लघवी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), त्या क्षणाची साखर. यांना उपाशी राहायची गरज नाही आणि थांबायचीही नाही. डॉक्टरांनी सांगितलं की त्याच तासाला द्या.

तब्येतीचा कायमचा अंदाज देणाऱ्या तपासण्या: कोलेस्टेरॉल, थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन), आणि मधुमेह आहे की नाही हे पहिल्यांदा ठरवणारी साखर. या तापात करू नका. साध्या सर्दी-तापानंतर दोन-तीन आठवडे, आणि न्यूमोनिया, डेंग्यू, ऑपरेशन असं मोठं काही झालं असेल तर दीड-दोन महिने थांबा.

कारण असं. जंतुसंसर्गात शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरकं जास्त सोडतं. त्यांच्यामुळे यकृत साखर बाहेर टाकतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. म्हणून मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर तापात वाढू शकते. कोलेस्टेरॉलचं उलटं होतं: संसर्गात ते खाली येतं आणि ट्रायग्लिसराइड वर जातं. तापात कोलेस्टेरॉल १४० आलं म्हणून स्वतःच्या मनानं गोळी बंद केलेले काका मी पाहिले आहेत. दोन महिन्यांनी तेच कोलेस्टेरॉल २३० वर होतं.

> सावध: आधीपासून मधुमेह असलेल्यांनी "तापात साखर बघायची नाही" असा अर्थ काढू नका. तुम्हाला तापात साखर जास्त वेळा बघायची आहे. निदान करण्यासाठी नव्हे, सांभाळण्यासाठी. त्याबद्दल टप्पा ८ मध्ये.

## टप्पा २: तीन दिवस आधीपासून रोजच्यासारखं खा

तपासणी ठरली की अनेक जण तीन दिवस भात बंद, साखर बंद, रात्री नुसतं ताक असं करतात. रिपोर्ट छान येतो, पण तो तुमचा नसतो. महिनाभर जे खाता तेच या तीन दिवसांत खा. भाकरी खात असाल तर भाकरी, पूर्व भागातल्या घरांतल्यासारखा दोन्ही वेळ भात असेल तर भात.

ग्लुकोज पाजून करायच्या तपासणीत, म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या, हे फारच महत्त्वाचं आहे. आधीचे तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत. एकदम उपाशी राहिलेल्या शरीरावर ग्लुकोज आदळलं तर ते पचवायला इन्सुलिन तयार नसतं आणि साखर खोटी वाढलेली दिसते. म्हणजे चांगला रिपोर्ट यावा म्हणून जेवण सोडणाऱ्यालाच वाईट रिपोर्ट मिळतो.

टाळायचं ते एवढंच:

- दारू: तीन दिवस नको. ट्रायग्लिसराइड आणि यकृताचे आकडे वर जातात.
- मटणाचा बेत: क्रिएटिनिन किंवा युरिक अ‍ॅसिड तपासायचं असेल तर आदल्या रात्री नको. शिजवलेल्या मांसामुळे काही तास क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि किडनीची उगाच धास्ती बसते. लिव्हर, वजडी यांनी युरिक अ‍ॅसिड वाढतं.
- हुरडा पार्टी: जानेवारीत रविवारी शेतावर हुरडा, गूळ, शेंगा, दही दिवसभर चालतं आणि सोमवारी सकाळी लॅबमध्ये रांग लागते. मंगळवारी किंवा बुधवारी या.
- अचानक केलेला व्यायाम: पहिल्यांदाच जिमला जाऊन अंग ठणकतंय, अशा दिवशी एसजीओटी (यकृतात आणि स्नायूंतही असणारं एन्झाइम) वाढलेलं येऊ शकतं. आठवडाभर जाऊ द्या.
- केसांच्या-नखांच्या गोळ्या: त्यात बायोटिन असतं. काही मशीनवर त्यामुळे थायरॉइडचे आकडे साफ चुकतात. निदान दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला तसं सांगा.

## टप्पा ३: आदल्या रात्री घड्याळ लावा

साखरेसाठी निदान ८ तास, कोलेस्टेरॉलसाठी ९ ते १२ तास पोट रिकामं हवं. दोन्ही एकत्र करायचं तर सोपा हिशेब: रात्री नऊला जेवण संपवा, सकाळी सात ते नऊच्या मध्ये रक्त द्या.

पाणी प्या. "पाणी पण घेतलं नाही ओ" असं लोक मोठ्या अभिमानानं सांगतात, तेव्हा मला काळजी वाटते. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर. रात्रभर घाम गेलेला, त्यात पाणी नाही, म्हणजे रक्त घट्ट होतं. हिमोग्लोबिन, युरिया, अल्ब्युमिन खऱ्यापेक्षा जास्त दिसतात, शीर सापडत नाही आणि दोनदा टोचावं लागतं. सकाळी उठल्यावर साधं पाणी दोन पेले प्या.

पाण्याखेरीज काहीच नको. बिनसाखरेचा चहा नको. लिंबू-मध-पाणी नको. मिश्री, तंबाखू, मावा, सिगारेट नको. मिश्री लावल्याशिवाय सकाळ होत नाही अशा कितीतरी मावश्या आहेत, आणि ते "खाणं" नाही म्हणून त्या सांगतही नाहीत. एक दिवस रक्त दिल्यावर लावा.

आता उपास आणि उपाशी यांचा घोळ. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. भगर, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, केळं, सगळ्यांनी साखर वाढते, आणि साबुदाण्यानं तर पटकन. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार या दिवशी तपासणी ठेवूच नका. दुसऱ्या दिवशीही नको, कारण संध्याकाळी उपास सोडताना जेवण नेहमीपेक्षा वेगळं आणि जड होतं. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी दसऱ्यानंतर चार-पाच दिवस रोजचं जेवण झाल्यावर यावं.

रोजाचंही तसंच. इफ्तारच्या आधी रक्त दिलं तर पोट तेरा-चौदा तास रिकामं असतं आणि पाणीही नसतं. युरिया, युरिक अ‍ॅसिड, बिलिरुबिन थोडं वर दिसू शकतं. कायमच्या अंदाजाच्या तपासण्या ईदनंतर करा. साखर मात्र रमजानमध्येही बघावी लागते, आणि ती कधी बघायची हे महिना सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांसाठी: पहाटे चारला कारखान्यात चहा-खारी झाली असेल तर सकाळी आठची साखर उपाशीपोटीची नाही. सुट्टीच्या दिवशी, रात्रभर नीट झोप झाल्यावर या.

> सावध: रात्री इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला सकाळी घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यापुढे अंधारी आली तर तपासणी गेली चुलीत. ग्लुकोमीटर असेल तर बघा, ७० च्या खाली असेल किंवा मीटरच नसेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या. रक्त उद्या देता येईल.

## टप्पा ४: गोळ्या कधी घ्यायच्या

हे डॉक्टरांना विचारून आधीच कागदावर लिहून घ्या. साधारण पद्धत अशी असते:

- मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन: उपाशीपोटीचं रक्त दिल्यानंतर, नाश्त्याबरोबर. आधी घेऊन उपाशी राहिलात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.
- जेवणानंतरच्या साखरेसाठी: नेहमीची गोळी घेऊन, नेहमीचं जेवण. "गोळी न घेता बघू किती येते" हा प्रयोग करू नका. डॉक्टरांना गोळी काम करते का हेच बघायचं असतं.
- बीपीची गोळी: पाण्याबरोबर वेळेवर घ्या.
- थायरॉइडची गोळी: रक्त दिल्यावर.
- लोहाची गोळी: लोहाच्या तपासणीआधी २४ तास नको.
- स्टेरॉइड: बंद करायचं नाही, पण सांगायचं नक्की. दम्यासाठी, सांध्यांसाठी, अंगावर पुरळ आलं म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात दिलेलं इंजेक्शनसुद्धा यात येतं. त्यानं साखर वाढते आणि पांढऱ्या पेशीही वाढतात, म्हणजे जंतुसंसर्ग नसताना असल्यासारखा रिपोर्ट दिसतो.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल तर लघवीत साखर येणारच. ती लघवीवाटे साखर बाहेर काढण्याचंच काम करते. रक्तातली साखर चांगली आणि लघवीत तीन-चार प्लस बघून घाबरू नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर ते तपासायला डॉक्टरांना आठवण करा.

## टप्पा ५: नमुन्याबरोबर एक चिठ्ठी द्या

माझं ऐकून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. पाठकोऱ्या कागदावर पाच ओळी लिहा आणि लॅबमध्येही दाखवा, डॉक्टरांनाही:

*शेवटचं खाणं: रात्री ९, भाकरी, पिठलं.*
*ताप: गेल्या सोमवारी आला, गुरुवारी उतरला.*
*चालू औषधं: साखरेची गोळी दोन वेळा, बीपीची एक, तापात अँटिबायोटिक ३ दिवस.*
*गेल्या तीन महिन्यांत: रक्त चढवलं नाही, लोहाची गोळी दीड महिन्यापासून.*
*मधुमेह: ८ वर्षं. मागचा एचबीएवनसी ७.४, फेब्रुवारीत.*

(एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी.) ही चिठ्ठी हातात असली की डॉक्टर रिपोर्ट वेगळ्या नजरेनं वाचतात. नसली तर त्यांच्यापुढं नुसता आकडा असतो.

## टप्पा ६: खुर्चीवर बसल्यापासून नळीपर्यंत

जिना चढून आलात, स्कूटर उन्हात लावून धावत आलात, तर दहा मिनिटं शांत बसा. मूठ एकदा हलकी मिटा, उघडझाप करत बसू नका. पट्टा मिनिटभराहून जास्त आवळलेला आणि मूठ चालूच असेल तर पोटॅशियम खोटं वाढतं. अ‍ॅडमिट असलेल्या माणसाच्या ज्या हाताला सलाइन चालू आहे त्या हातातून रक्त काढू देऊ नका. ग्लुकोजचं सलाइन असेल तर साखर सहाशेसुद्धा दिसेल आणि बाकी सगळं पातळ.

नळ्यांचे रंग ओळखून ठेवा. जांभळ्या बुचाची सीबीसी आणि एचबीएवनसीसाठी, राखाडी साखरेसाठी, लाल किंवा पिवळी बाकीच्यांसाठी.

राखाडी नळीवर माझा फार जीव आहे, कारण ती नसली की मधुमेह निसटतो. नळीत गेल्यावरही रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते, आणि उन्हाळ्यात किंवा पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर त्याहून भराभर. समजा मोहोळ किंवा अक्कलकोटकडच्या गावातून सकाळी सातला घेतलेला नमुना साध्या नळीतून, डिकीत ठेवून, दहाला सोलापुरात पोचला. निघताना १३० असलेली साखर मशीनवर ११० च्या आत येते. १२६ वर मधुमेह म्हणतात. म्हणजे त्या तीन तासांत मधुमेहाचं निदानच हरवलं. राखाडी नळीतल्या फ्लोराइडमुळे हे बरंच थांबतं, तरी नमुना थंड डब्यात आणि लवकर पोचायला हवा.

> तपासून पाहा: घरी येऊन रक्त घेणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. साखरेसाठी राखाडी नळी आहे का? नमुना लॅबमध्ये कितीला पोचेल? आणि नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहून घ्या.

जेवणानंतरची साखर: दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. हात धुतल्यापासून नाही. जेवायला चाळीस मिनिटं लागली आणि तिथून दोन तास मोजले तर साखर उतरून गेलेली असते. मधल्या वेळात झोपू नका, मैलभर चालू नका, पुन्हा चहा नको. लॅबजवळच्या गाड्यावर दोन इडल्या खाऊन दिलेली साखरही तुमच्या जेवणाची नाही. घरी जाऊन नेहमीचं ताट जेवा.

घरचं ग्लुकोमीटर: लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य धरला जातो, म्हणून १४० आणि १५५ वरून लॅबशी भांडण नको. पण हात साबणानं धुवून कोरडे करा. आंबा कापलेल्या, गूळ फोडलेल्या बोटाची साखर तीनशे दाखवू शकते. फार रक्त कमी असलेल्यांत ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं.

## टप्पा ७: रिपोर्ट वाचायचा क्रम

लोक आधी लाल किंवा ठळक अक्षरातले आकडे बघतात. तसं करू नका. या क्रमानं वाचा.

पहिलं, संसर्ग आहे का. पांढऱ्या पेशी (साधारण ४,००० ते ११,०००), न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) आणि सीआरपी बघा. सीआरपी काही तासांत वाढतं, दोनेक दिवसांत टोकाला जातं आणि संसर्ग आटोक्यात आला की भराभर उतरतं. ईएसआर (लाल पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात त्याचा आकडा) सावकाश वाढतो आणि आठवडे रेंगाळतो, शिवाय रक्त कमी असलं, वय झालं, गरोदरपण असलं तरी तो वाढलेला असतो. त्यामुळे ताप जाऊन पंधरा दिवस झालेत, सीआरपी नॉर्मल आणि ईएसआर ५५, हा नवा आजार समजू नका. सीआरपीचं एकक जरूर बघा: काही रिपोर्टमध्ये लिटरमागे असतं, काहींत डेसिलिटरमागे. दोन लॅबचे आकडे लावून पाहताना दहा पटींची गफलत इथं होते.

पांढऱ्या पेशी नॉर्मल म्हणजे संसर्ग नाही, असंही नाही. टायफॉइडमध्ये त्या नॉर्मल किंवा कमी असतात, डेंग्यूत कमी होतात, आणि वयस्कर मधुमेही माणसात पायात पू झालेला असतानाही कधी कधी हलत नाहीत.

डेंग्यूत दिवस मोजा. एनएसवन (डेंग्यूच्या विषाणूचंच प्रथिन) पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं, आयजीएम (शरीरानं त्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं) साधारण पाचव्या दिवसापासून. पहिल्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आला म्हणून डेंग्यू नाही म्हणू नका. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जपायचे. तेव्हाच प्लेटलेट खाली आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) वर जातं. पोट दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नका, दवाखाना गाठा. आणि काहीच त्रास नसताना प्लेटलेट एकदम २०,००० आल्या तर लॅबला स्लाइड बघायला सांगा. जांभळ्या नळीत काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही.

टायफॉइडसाठी करतात त्या विडाल तपासणीबद्दल एक विनंती. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या विडालवर टायफॉइड ठरवू नका. जुना टायफॉइड आणि लस यांमुळेही ती पॉझिटिव्ह येते. अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखणं) करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. डोस घेतल्यावर जंतू सापडणं अवघड होतं.

दुसरं, हिमोग्लोबिन. साखरेच्या आधी हिमोग्लोबिन का? कारण एचबीएवनसी त्याच्यावर अवलंबून आहे. लाल पेशी साधारण चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यावर साखर चिकटत राहते. त्यावरून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पेशी जास्त दिवस फिरत राहिल्या तर आकडा खोटा वाढतो, लवकर मेल्या किंवा नव्या भरपूर आल्या तर खोटा घटतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. विड्या वळणाऱ्या एक वहिनी, वय चाळीसच्या आत. कुठल्याशा शिबिरात एचबीएवनसी ६.८ आला, "शुगर आहे" सांगितलं गेलं. त्यांनी भाकरी सोडली, गूळ सोडला, दुपारचं जेवण सोडलं. माझ्यासमोर बसल्या तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, कागदासारखी पांढरी होती. नखं चमच्यासारखी खोलगट. हिमोग्लोबिन ७.६. उपाशीपोटीची साखर ९२, जेवणानंतर १२४. डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी सुरूच केली नाही, लोह सुरू केलं. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२, एचबीएवनसी ५.६. त्या मधल्या काळात त्यांनी निष्कारण उपाशी राहून स्वतःला आणखी अशक्त केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवशी एकाच कागदावर हिमोग्लोबिन आणि एचबीएवनसी शेजारी छापलेले असते तर हे टळलं असतं.

लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटा वाढतो. मलेरियात किंवा पेशी फुटणाऱ्या आजारात, रक्तस्रावानंतर, रक्त चढवल्यावर, लोह किंवा बी-१२ चे उपचार नुकते सुरू झाल्यावर आणि गरोदरपणात तो खोटा कमी येतो. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा गुण (हिमोग्लोबिनमधला आनुवंशिक दोष) असेल तरी भरवसा कमी. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरचीच साखर धरा.

तिसरं, साखर. उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ काठावर, १२६ आणि वर मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल, २०० आणि वर मधुमेह. एचबीएवनसी ६.५ आणि वर मधुमेह. खूप तहान, सारखी लघवी, वजन घटणं अशी लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

तापात साखर २८० आली आणि आधी मधुमेह माहीत नाही, तर त्याच नमुन्यात एचबीएवनसी करून घ्या. तो ८ आला तर साखर जुनी आहे, तापानं फक्त उघडी पाडली. ५.६ आला आणि हिमोग्लोबिन ठीक असेल तर ती बहुधा तापाची साखर. पण तिलाही विसरायचं नाही, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बघायची.

याच्या उलटही घडतं. गोळ्या नीट, जेवण तेच, तरी साखर आठवडाभर चढतीच, तर आधी संसर्ग शोधा. पायाचा तळवा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. लघवीला जळजळ, हिरडीला सूज, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का विचारा. बऱ्याचदा ताप यायच्या आधी साखरच बोलते.

चौथं, बाकीचे आकडे साखरेच्या संदर्भात. साखर खूप वाढली की ती पेशींतलं पाणी रक्तात ओढते आणि सोडियम पातळ होतं. शंभरच्या वर दर शंभराला साधारण १.६ ची घट धरतात. साखर ५०० आणि सोडियम १२९ असेल तर खरं सोडियम १३५ च्या आसपास. घरी मीठ वाढवायचं नाही, साखर उतरवायची. ट्रायग्लिसराइडही अशा वेळी चढलेलं असतं आणि साखर आटोक्यात आली की पुष्कळदा आपोआप उतरतं.

फेरिटिन संसर्गात वाढतं. तापात ते नॉर्मल आलं म्हणून लोह भरपूर आहे असं समजू नका. लघवीतलं अल्ब्युमिन ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, जोराचा व्यायाम यांनी वाढतं. किडनीवर मधुमेहाचा परिणाम झाला हे ठरवायला तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले लागतात.

## टप्पा ८: मधुमेह आहे आणि ताप आला, तर त्याच दिवशी

1. दर चार-सहा तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि वेळेसह लिहा.
2. जेवण कमी झालं तरी इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. तापात शरीराला ते जास्तच लागतं. किती घ्यायचं ते फोन करून विचारा.
3. पाणी, ताक, पातळ पेज थोडी थोडी चालू ठेवा. किडनीमुळे किंवा हृदयामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेही विचारून.
4. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी विचारा. डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळीवर साखर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं.

> सावध: साखर ३०० च्या वर टिकून आहे, उलट्या थांबत नाहीत, पोट दुखतंय, श्वास खोल आणि जोरात चाललाय, माणूस गुंगीत जातोय: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. सिव्हिल हॉस्पिटल असो की जवळचं कुठलंही, रात्रीच गाठा.

## टप्पा ९: पुन्हा कधी

एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून फारसं काही हाती लागत नाही. लोहाचा उपचार चालू असेल तर तो पूर्ण होऊन दोन-तीन महिने गेल्यावर करा. तापात वाढलेली साखर आणि बिघडलेलं थायरॉइड दीड-दोन महिन्यांनी, कोलेस्टेरॉलही तेव्हाच त्याच नमुन्यात. डेंग्यूनंतर वाढलेलं एसजीपीटी (यकृताचा आकडा) किती आठवड्यांनी बघायचं ते डॉक्टर सांगतील, दर दोन दिवसांनी नको.

शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, तसंच जेवून या. जुने रिपोर्ट तारखेनं लावून एका फाइलमध्ये ठेवा, मोबाइलमधले फोटो हरवतात. आणि ताप ज्या दिवशी उतरला ती तारीख त्याच दिवशी रिपोर्टच्या कोपऱ्यात पेननं लिहून ठेवा. पुढचे आठवडे तिथूनच मोजायचे आहेत.